रेशो कितीचा? आधी रस्ता सांगा!

उसाची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर आणि कॉलेजच्या पार्किंगमधली ड्यूक, दोघांची ताकद जवळपास सारखी. तरी एक ३० च्या पुढे जात नाही आणि दुसरी १५० ला शिवते. असं का? उत्तर दातांमध्ये आहे. गिअरच्या! स्पोर्ट्‌स कारच्या मागच्या ॲक्सलचा रेशो कसा निवडतात, आणि तो निवडताना फॉर्म्युला स्टुडंटच्या पोरापोरींना घाम का फुटतो, त्याची ही गोष्ट.

उसाचा हंगाम सुरू झाला की पुणतांब्याच्या रस्त्यांवर हे दृश्य रोजचं. पुढे दोन ट्रॉल्या भरून कारखान्याकडे निघालेला ट्रॅक्टर आणि मागे ओव्हरटेकला जागा शोधणारा बाइकवाला. ट्रॅक्टर समजा ४५ एचपीचा. बाइक समजा केटीएम ३९० ड्यूक, पुण्याजवळ चाकणला बजाजच्या कारखान्यात बनणारी. तिचं जुनं ३७३ सीसीचं मॉडेल घ्या, ताकद ४३ एचपीच्या आसपास. म्हणजे कागदावर ट्रॅक्टर आणि ड्यूक भाऊ-बहीणच की!

आता ड्यूकला उसाची ट्रॉली बांधा. क्लच जळेल, ट्रॉली हलणार नाही. आणि ट्रॅक्टरला कितीही पिळा, ३० च्या आसपास तो हात टेकतो.

हॉर्सपॉवर म्हणजे दोन गोष्टींचा गुणाकार: इंजिन किती जोरात पिळतं (टॉर्क) आणि मिनिटाला किती वेळा फिरतं (आरपीएम). ट्रॅक्टरचं इंजिन साधारण २,००० फेऱ्यांवर काम करतं, ड्यूकचं ९,००० च्या घरात. पण हे झालं इंजिनाचं. रस्त्याला टेकतं ते चाक. इंजिन आणि चाक यांच्या मध्ये गिअर बसलेले असतात आणि खरा सौदा तिथे होतो. वेग द्या, जोर घ्या. जोर द्या, वेग घ्या. दोन्ही एकदम फुकटात मिळत नाही.

हिशेब करून बघू. ट्रॅक्टरच्या मागच्या मोठ्या चाकाचा घेर धरा ४ मीटर. सगळ्यांत खालच्या गिअरमध्ये तो तासाला ३ किलोमीटर चालला तर चाक मिनिटाला जेमतेम १२-१३ वेळा फिरतं. इंजिन मात्र २,००० वेळा. म्हणजे इंजिनाचे १६० फेरे झाले की चाकाचा एक. ड्यूकच्या सहाव्या गिअरमध्ये हाच आकडा सातच्याही आत असतो. ताकद तीच, पण एकाने ती ओढण्यासाठी खर्च केली, दुसरीने पळण्यासाठी.

क्राउन-पिनियनची भानगड

मी मास कॉमची विद्यार्थिनी. ‘फायनल ड्राइव्ह रेशो’ हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा वाटलं, हे आपल्यासाठी नाही. पण आपल्याकडच्या कुठल्याही जीप-ट्रकच्या मेकॅनिकला ‘क्राउन-पिनियन’ म्हणा, तो लगेच हाउसिंग दाखवेल.

इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना, अशा गाडीत मधून एक लांब दांडा मागे जातो. त्याला प्रॉपेलर शाफ्ट म्हणतात. शाफ्टच्या टोकाला छोटा गिअर असतो, तो पिनियन. तो मागच्या ॲक्सलवरच्या मोठ्या गोल गिअरला फिरवतो, तो क्राउन. पिनियनला १० दात आणि क्राउनला ४१ दात असतील तर रेशो ४.१. म्हणजे शाफ्ट ४.१ वेळा फिरला की चाक एकदा फिरतं.

आता हे ४१ का, सरळ ४० का नाही? ४० आणि १० असते तर पिनियनचा एक ठरावीक दात क्राउनच्या त्याच चार दातांवर आयुष्यभर आपटत राहिला असता. ४१ आणि १० ला सामाईक भाजक नाही, त्यामुळे प्रत्येक दाताची प्रत्येक दाताशी गाठ पडते आणि झीज सगळीकडे सारखी होते. सहावीतला मसावि इथे कामाला आला!

एक गोंधळ आधीच मिटवू. रेशोचा आकडा मोठा म्हणजे गाडी जास्त वेगवान, असं वाटू शकतं. उलट आहे. आकडा मोठा (४.१, ४.५६) म्हणजे ‘शॉर्ट’ रेशो: जोर जास्त, टॉप स्पीड कमी. आकडा लहान (३.०८, ३.३१) म्हणजे ‘टॉल’ रेशो: गाडी लांब पल्ल्याची, शांत, पण उठायला जरा जड.

आणि गिअरबॉक्सचे पाच-सहा गिअर असताना हा मागचा रेशो वेगळा कशाला? कारण गिअरबॉक्समधला प्रत्येक गिअर शेवटी या एकाच आकड्याने गुणला जातो. तो बदलला की सगळे गिअर एकदम बदलतात. पेटीवाला सूर बदलतो तेव्हा गाणं तेच राहतं, पट्टी बदलते. तसंच.

स्टेशनवर उभं असलेलं उदाहरण

पुणतांबा म्हटलं की लोकांना दोन गोष्टी आठवतात: चांगदेवांची समाधी आणि १ जून २०१७ ला सुरू झालेला शेतकरी संप. वाघावर बसून आलेल्या चांगदेवांना भेटायला ज्ञानेश्वर भावंडं भिंत चालवत गेली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. त्या भिंतीला गिअर लागला नाही. बाकी सगळ्यांना लागतो, आगगाडीलासुद्धा.

पुणतांबा हे दौंड-मनमाड मार्गावरचं जंक्शन. शिर्डीचा फाटा इथूनच फुटतो. एक्सप्रेस जातात, मालगाड्याही जातात. पुढच्या वेळी प्लॅटफॉर्मवर असाल तेव्हा इलेक्ट्रिक इंजिनावर रंगवलेली अक्षरं वाचा. भारतीय रेल्वेत डब्ल्यूएजी-९ नावाचं मालगाडीचं इंजिन आहे आणि डब्ल्यूएपी-७ नावाचं प्रवासी गाडीचं. यातलं ‘जी’ म्हणजे गुड्स, ‘पी’ म्हणजे पॅसेंजर. गंमत अशी, की डब्ल्यूएपी-७ हे डब्ल्यूएजी-९ वरूनच तयार केलेलं इंजिन. दोघांची ताकद ६,००० एचपीच्या वर. मोठा फरक गिअरच्या दातांचा.

मालगाडीच्या इंजिनात ७७ ला १५ दात, म्हणजे रेशो ५.१३. प्रवासी इंजिनात ७२ ला २०, म्हणजे ३.६. आता ५.१३ ला ३.६ ने भागा. उत्तर १.४२ येतं. प्रवासी इंजिनाचा कमाल वेग १४०, मालगाडीच्या इंजिनाचा १००. १४० ला १.४२ ने भागा: ९८ आणि थोडं! आता ओढण्याची ताकद बघा. थांबलेली गाडी हलवताना मालगाडीचं इंजिन साधारण ४६० किलोन्यूटन जोर लावतं, प्रवासी इंजिन साधारण ३२३. इथेही फरक १.४२ पट.

जितका वेग सोडला तितकाच जोर मिळाला. कोळशाचे ५८ डबे ओढायचे असतील तर १४० चा वेग काय कामाचा? आणि एक्सप्रेसला ४६० चा जोर घेऊन करायचंय काय?

इंजिनिअरने ‘कोणता रेशो चांगला?’ असं विचारलंच नाही. त्याने विचारलं, ‘ओढायचं काय आहे आणि पोचायचं किती वाजता आहे?’

आता येऊ स्पोर्ट्‌स कारवर

अमेरिकेत १९६० च्या दशकात शेवरले कॉर्वेट घेणाऱ्या गिऱ्हाइकाला मागच्या ॲक्सलचा रेशो निवडता यायचा. ३.०८ पासून थेट ४.५६ पर्यंत. हायवेवर लांब जायचंय तर ३.०८, ड्रॅग स्ट्रिपवर पाव मैल उडवायचंय तर ४.५६. अलीकडचं उदाहरण फोर्ड मस्टँगचं. २०१५ च्या मॅन्युअल मस्टँग जीटीला तिकडे ३.३१, ३.५५ आणि ३.७३ असे पर्याय होते. ३.३१ आणि ३.७३ मध्ये फरक अर्ध्याचाही नाही, मग लोक त्यावर तासन्‌तास भांडतात कशाला?

कारण समजायला एक सूत्र पुरेसं आहे:

वेग (किमी/तास) = आरपीएम × चाकाचा घेर (मीटर) × ०.०६ ÷ एकूण रेशो

एकूण रेशो म्हणजे गिअरबॉक्सचा रेशो गुणिले ॲक्सलचा रेशो. ०.०६ हा मिनिटाचे तास आणि मीटरचे किलोमीटर करण्यासाठी.

समजा आपली एक स्पोर्ट्‌स कार आहे. इंजिन ७,००० आरपीएमपर्यंत फिरतं, चाकाचा घेर २ मीटर, पाचवा गिअर डायरेक्ट म्हणजे १. पाचव्यात इंजिन पूर्ण पिळलं तर:

३.३१ ला २५४ किमी/तास.
३.७३ ला २२५.
४.१ ला २०५.
४.५६ ला १८४.

लगेच ३.३१ वर उडी मारू नका. हे आकडे ‘गिअर परवानगी देतो’ एवढंच सांगतात. हवा परवानगी देते का? वेग दुप्पट झाला की हवेचा रोध चौपट होतो आणि त्याला तोंड द्यायला लागणारी ताकद आठपट. समजा आपल्या इंजिनात हवा कापत २२० पर्यंतच जायची ताकद आहे. मग ३.३१ चे २५४ नुसते कागदावर राहिले. गाडी पाचव्यात कधीच ७,००० गाठणार नाही, इंजिन अर्धवट दमात कण्हत राहील. ३.७३ ला मात्र २२५, म्हणजे गाडीची ताकद जिथे संपते जवळपास तिथेच गिअरही संपतो. टॉप स्पीडसाठी रेशो निवडायचा तर तो असा जुळवावा लागतो.

हायवेवरचं गणित आणखी वेगळं. पाचव्यात १०० च्या वेगाने निवांत चाललात तर ३.३१ ला इंजिन साधारण २,७५० वर असेल, ४.१ ला ३,४०० वर. पुणतांब्याहून मुंबईपर्यंत हा ६५० फेऱ्यांचा फरक कानाला जाणवेल, आणि पेट्रोल पंपावर खिशालाही.

मग मोठा आकडा लावून पिकअप वाढवू?

३.३१ वरून ४.१ वर गेलात तर प्रत्येक गिअरमध्ये चाकावरचा जोर जवळपास २४ टक्क्यांनी वाढतो. इंजिनाला हात न लावता २४ टक्के! यूट्यूबवर रेशो बदलल्यावर गाडी कशी सुटते ते दाखवणारे व्हिडिओ यामुळेच चालतात. पण इथे एक सापळा आहे.

०-१०० हा आपला लाडका आकडा. समजा आपल्या गाडीचा दुसरा गिअर २.२ चा आहे. दुसऱ्यात गाडी कुठपर्यंत जाते?

३.३१ ला ११५ पर्यंत.
३.७३ ला १०२ पर्यंत.
४.१ ला ९३ पर्यंत.

दिसलं? ४.१ वाली गाडी जोरात सुटली, पण ९३ ला दुसरा गिअर संपला. आता क्लच दाबा, तिसरा टाका, क्लच सोडा. तेवढ्या क्षणात चाकाला शून्य ताकद. शेवटच्या सात किलोमीटरसाठी एक अख्खा गिअर बदल! ३.७३ वाली दुसऱ्यातच १०२ पर्यंत जाते, म्हणजे शंभरची रेघ ओलांडूनच गिअर संपतो. त्यामुळे जोर कमी असूनही ०-१०० मध्ये ती ४.१ ला गाठू शकते. ०-११० मोजलं असतं तर हिशेब पुन्हा बदलला असता.

दुसरा सापळा टायरचा. जोर चाकापर्यंत पोचला म्हणजे रस्त्याला लागला असं नाही. टायरची पकड जेवढी, तेवढाच जोर कामाचा. बाकीचा धूर. पहिल्या गिअरमध्ये चाक आधीच जागेवर फिरत असेल तर आणखी शॉर्ट रेशो लावून फक्त टायरवाल्याचं भलं होतं.

म्हणून रेसमधला इंजिनिअर ट्रॅकचा नकाशा आधी मागतो. सगळ्यांत लांब सरळ पट्टा किती? त्याच्या शेवटी ब्रेक लावायच्या क्षणी इंजिन वरच्या गिअरमध्ये जवळपास पूर्ण दमात असायला हवं. त्या आधीच लिमिटरवर आपटलं तर रेशो जास्त शॉर्ट. लांबच राहिलं तर जास्त टॉल. मग हळू वळणं बघायची: बाहेर पडताना इंजिन मेल्यासारखं तर होत नाही ना? ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट ५ किलोमीटरहून मोठं, एक किलोमीटरहून लांब पट्टा असलेलं. कोइंबतूरचं कारी मोटर स्पीडवे जेमतेम २ किलोमीटरचं. एकाच गाडीला दोन्हीकडे तोच रेशो लावाल, तर एका ठिकाणी तरी ती रडणार.

८० मीटरचं जग

ही दोन नावं इंजिनिअरिंगच्या मुलांना चांगली ओळखीची आहेत. कारी स्पीडवेवर फॉर्म्युला भारत ही विद्यार्थ्यांची स्पर्धा रंगते, बुद्ध सर्किटवर अनेक वर्षं ‘सुप्रा एसएईइंडिया’ झाली. मूळ कल्पना अमेरिकेतल्या फॉर्म्युला एसएईची: विद्यार्थ्यांनी स्वतः एक छोटी रेसकार डिझाइन करायची, बनवायची आणि पळवायची. मुंबईचा सोमय्या कॉलेजचा ओरायन रेसिंग, आयआयटी मुंबईचा रेसिंग संघ ही आपल्याकडची नावाजलेली उदाहरणं.

या गाड्यांत बहुतेकदा बाइकचं इंजिन असतं आणि त्यात चाकणची ३९० लाडकी. इथे क्राउन-पिनियन नसतं. चेन आणि स्प्रॉकेट असतात, पण डोकेफोड तीच. पुढचा स्प्रॉकेट छोटा, मागचा मोठा, भागाकार म्हणजे रेशो. ड्यूकमध्ये कंपनीकडून १५ आणि ४५, म्हणजे ३.

पण बाइकच्या मागच्या चाकाचा घेर १.९ मीटरच्या आसपास, आणि या छोट्या रेसकारला १८ इंची व्यासाचा टायर लावला तर घेर साधारण १.४४ मीटर. म्हणजे स्प्रॉकेटला हात न लावताच गाडी बाइकपेक्षा बरीच ‘शॉर्ट’ झाली! ९,००० आरपीएम धरून हिशेब केला तर १५-४५ वर पहिला गिअर ३६ ला संपतो, दुसरा ५२ ला, तिसरा ६८ ला, चौथा ८५ ला. सहावा ११५ पर्यंत जाईल. पण जाणार कुठे? नियमांनुसार या ट्रॅकवरचे सरळ पट्टे ८० मीटरच्या आसपास संपतात. सहावा गिअर नुसता पाहुणा.

आता मागे ३९ दातांचा स्प्रॉकेट लावा. रेशो २.६. गिअर संपतात ४२, ६०, ७९ आणि ९८ ला. जोर १३ टक्क्यांनी घटला. मग हे कोण करेल?

ॲक्सिलरेशनची फेरी बघा. ७५ मीटर सरळ, थांबलेल्या गाडीपासून. समजा आपली गाडी रेघ ओलांडताना ७८ च्या वेगात असते. ४५ च्या स्प्रॉकेटवर तिथे पोचेपर्यंत तीन वेळा गिअर बदलावा लागतो, ३९ वर दोनदाच. शिवाय पहिल्या गिअरमध्ये ४५ चा जास्तीचा जोर रस्त्याला लागतच नाही. ड्रायव्हरसकट २८० किलोची गाडी धरली तर मागचे टायर साधारण २,१०० न्यूटनपर्यंत पकडतील. पहिल्या गिअरमध्ये ४५ वर चाकाशी २,९०० च्या आसपास जोर येतो, ३९ वर २,५०० च्या आसपास. दोन्हीकडे चाक घसरणारच! दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये मात्र ४५ चा १५ टक्क्यांचा फायदा खराखुरा मिळतो. मग काय जिंकेल, वाचलेला गिअर बदल की वाढलेला जोर? ते तुमचा ड्रायव्हर गिअर किती झटपट टाकतो त्यावर. स्टॉपवॉच हाच पंच.

आणि गुणांचं गणित राहिलंच. फॉर्म्युला एसएईच्या १,००० गुणांत ॲक्सिलरेशनला १००. वळणावळणाच्या ऑटोक्रॉसला १२५, आणि २२ किलोमीटरच्या एन्ड्युरन्सला २७५. त्यावर इंधन किती कमी जाळलं त्याचे १००. म्हणजे ७५ मीटरच्या हिरोगिरीसाठी रेशो निवडाल आणि ५०० गुणांच्या परीक्षेत ड्रायव्हर दर वळणाला गिअरशी झटापट करत बसेल. तिसरा गिअर ६८ ऐवजी ७९ पर्यंत चालला, तर ट्रॅकचा मोठा भाग एकाच गिअरमध्ये निघू शकतो. वर्षातून मोजकेच दिवस प्रॅक्टिस मिळणाऱ्या विद्यार्थी ड्रायव्हरसाठी हे लहान सुख नाही.

मग कळस म्हणजे डिझाइनची तोंडी परीक्षा, १५० गुणांची. परीक्षक मागच्या स्प्रॉकेटकडे बोट दाखवतात आणि विचारतात, “एवढेच दात का?” इथे ‘सीनिअरनी हाच लावला होता’ हे उत्तर चालत नाही. सीनिअरच्या गाडीचे टायर वेगळे असतील, वजन वेगळं असेल, तेव्हाचा ट्रॅक वेगळा असेल. आकडा उचलता येतो, त्यामागचं कारण उचलता येत नाही. ते स्वतःच मांडावं लागतं.

यात पैशाचाही प्रश्न आहे. चांगल्या कारचं क्राउन-पिनियन बदलणं महागडं आणि किचकट. दातांची बैठक चुकली तर हाउसिंग रडायला लागतं. स्प्रॉकेट त्यामानाने स्वस्त. पण ४५ वरून ३९ वर आलात की चेन साधारण तीन कड्यांनी सैल होते, आणि चेनमधून कड्या जोडीनेच काढता येतात. म्हणजे इंजिन किंवा डिफरन्शिअल पुढे-मागे सरकवायची सोय आधीच डिझाइनमध्ये ठेवलेली हवी. ती नसेल, तर ट्रॅकवर रेशो चुकला हे कळूनही काही करता येत नाही. वर्षभराची वर्गणी, स्पॉन्सर, वर्कशॉपमधल्या रात्री, सगळं तीन कड्यांपाशी अडतं.

एकच गिअर, एकच संधी

‘आता इलेक्ट्रिकचा जमाना, गिअर-बिअर संपले’ असं कुणी म्हणेल. अर्धं खरं आहे. पुण्याजवळ रांजणगावला बनणारी नेक्सॉन ईव्ही घ्या, किंवा आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांनी सिल्व्हरस्टोनला नेलेल्या इलेक्ट्रिक रेसकारकडे बघा. बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांत गिअर बदलायची भानगड नसते. पण मोटार आणि चाक यांच्या मध्ये एक ठरलेला रेशो असतोच.

आणि तो एकटा असतो! पेट्रोल गाडीत ॲक्सलचा रेशो थोडा चुकला तर ड्रायव्हर एक गिअर खाली टाकून वेळ मारून नेतो. इथे ती सोय नाही. शून्यातून उठणं, घाट चढणं आणि टॉप स्पीड, तिन्ही एकाच आकड्यातून भागवायचं. मोटार थांबलेल्या अवस्थेतूनच पूर्ण टॉर्क देते म्हणून ते जमतं, पण निवड आणखी जोखमीची होते. म्हणजे इलेक्ट्रिकमुळे हा विषय जुना झालेला नाही. उलट मेकॅनिकल, इलेक्ट्रिकलच्या मुलांना पुढची वीस वर्षं पुरेल एवढा तो ताजा आहे.

आपल्या बाइकचं काय?

हे वाचून लगेच गॅरेजात जाऊन ‘दादा, मागचा दोन दात मोठा टाका’ म्हणायच्या आधी थांबा. पिकअप वाढेल हे खरं. पण त्याच वेगाला इंजिन जास्त फिरेल, ॲव्हरेज पडेल, टॉप स्पीड कमी होईल. ज्या गाड्यांत वेगाचा सेन्सर गिअरबॉक्सपाशी असतो तिथे स्पीडोमीटर खोटं बोलायला लागेल. वॉरंटीचा वाद वेगळाच. कंपनीने तो आकडा डबलसीट, घाट, शहर, ॲव्हरेज अशी सगळ्यांची भांडणं मिटवून ठरवलेला असतो. रोज राहाता किंवा कोपरगावला कॉलेजला जाण्यासाठी तोच बहुतेकदा बरा.

बदलायचा नसेल तरी मोजायला काय हरकत आहे?

करून बघा: पाच मिनिटांची प्रयोगशाळा

साहित्य: तुमची बाइक, खडू, मेझरिंग टेप, एक मित्र किंवा मैत्रीण. इंजिन बंद, किल्ली खिशात. चालू इंजिनाच्या चेनपाशी बोट न्यायचं नाही, कधीच.

१. मागच्या टायरवर आणि त्याच्या खाली जमिनीवर खडूची खूण करा. चाकाचा बरोबर एक फेरा होईपर्यंत बाइक ढकला, पुन्हा खूण करा. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे घेर.

२. मागच्या स्प्रॉकेटचे दात मोजा. पुढचा झाकलेला असेल तर त्याचा आकडा मॅन्युअलमध्ये मिळतो. भागाकार करा. हा तुमचा फायनल रेशो.

३. मॅन्युअलमधून प्रायमरी रेशो आणि प्रत्येक गिअरचा रेशो घ्या. तिन्हींचा गुणाकार म्हणजे एकूण रेशो.

४. वरचं सूत्र वापरा. कोणत्या आरपीएमला, कोणत्या गिअरमध्ये, किती वेग? वहीत तक्ता करा.

५. आता मागचे दात दोनने वाढवून आणि दोनने कमी करून तोच तक्ता पुन्हा करा. कागदावरच! गाडी कशी बदलेल ते स्प्रॉकेट न घेताच दिसेल.

एवढ्याला डायनो लागत नाही, शहरातली लॅब लागत नाही, महागडं सॉफ्टवेअरही नाही. फॉर्म्युला स्टुडंटच्या संघात घेताना सीनिअर विचारतात, ‘काय येतं तुला?’ तेव्हा पुणतांब्याच्या अंगणात खडूने काढलेला हा तक्ता पुढे करता येईल. त्यावर पुढचा प्रश्न नक्की येईल: ‘हेच दात का?’

त्याचं उत्तर द्यायला तेव्हा तुम्हीच समोर असाल.